अर्ध्या खुर्चीचा अभ्यास

खुर्ची कोमट होती. धम्मदीप तायडे बसला आणि बसता बसता अर्धवट उठला, चुकून कुणाच्या मांडीवर बसल्यासारखा ओशाळून. मग इकडेतिकडे बघून पुन्हा टेकला. ओशाळण्यासारखं तसं काही नव्हतं. कंपनीत माणसं वाढत होती आणि पौड रोडवरची इमारत काही वाढत नव्हती, म्हणून वरच्या लोकांनी डोकं चालवून रात्रपाळीच्या पोरांना आणि दिवसाच्या लोकांना एकेक खुर्ची वाटून दिली होती. अमेरिका जागी असेल तेव्हा एकानं बसायचं, पुणं जागं झालं की दुसऱ्यानं. या वाटणीला मेलमध्ये काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. आजपासून सुरुवात, आणि तीही शनिवारी, कारण काम अंगावर आलं होतं. रात्रीचा माणूस आत्ताच उठून गेला असणार. बिस्किटाचा चुरा त्यानं कीबोर्डशेजारी नीट गोळा करून ठेवला होता आणि स्वतःची ऊब मागे सोडली होती. धम्मदीप त्या उबेवर नुसताच बसून राहिला. कॉम्प्युटर चालू करायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या मनात एवढंच आलं की तिला हे रोज होत असणार. रोज दुपारी एक वाजता, आपण उठून गेल्यावर. आपण सकाळी यायचो तेव्हा खुर्ची थंडगार असायची, म्हणून आपल्याला हे कधी कळलंच नाही. इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी पाचवीत गेली, आणि एवढी साधी गोष्ट कधी डोक्यात आली नाही. तो घाईघाईनं चुरा झाडायला लागला.

तिला म्हणजे सत्यशीला बोंडेला. आठवडाभर हे नाव घरात फ्रिजवर चिकटलेलं होतं, फक्त आडनाव वेगळं होतं. मुलीच्या, सोनूच्या शाळेनं पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं, 'विज्ञानाचा अभ्यास आणि टिपणं', वक्त्या प्रा. सत्यशीला काळमेघ, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या सभागृहात. बायकोनं, कल्याणीनं, तो कागद त्याच्यापुढे धरला होता तेव्हा तो जेवत होता. "जाता का तुम्ही? मला त्या दिवशी ताईकडे जायचं आहे." त्यानं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, घास गिळला आणि म्हणाला, "बघू उद्या." कल्याणी नागपूरची, बोलायला सडेतोड. "तुमचं उद्या मले चांगलं माहीत आहे," ती म्हणाली आणि कागद फ्रिजवर लावून मोकळी झाली. तेव्हापासून तो दूध काढायला जायचा, पाणी घ्यायला जायचा, आणि नाव वाचून परत यायचा. सत्यशीला नावाच्या बायका जगात काय एकच असतात, असं स्वतःला सांगायचा. आणि असली तीच तर? जाऊन काय सांगायचं? एका उत्तराला उशीर झाला म्हणून? वरातीमागून घोडं ते किती मागून! आज तो शनिवार उजाडला होता आणि त्याचं अजून ठरलं नव्हतं.

तो मूर्तिजापूरहून पुण्याला आला तेव्हा देशात नुकतंच काहीतरी खुलं झालं होतं म्हणे. वर्तमानपत्रं रोज तसं छापत होती. धम्मदीपला मात्र सगळं बंदच भेटत होतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा बघायला जावं, जिन्यातच आडनाव विचारावं, आणि आडनाव ऐकल्यावर जागा कालच गेलेली असावी. शेवटी नारायण पेठेत एका गॅरेजच्या वरती चार जणांत एक कॉट मिळाली. तिथे झोपता येत होतं, अभ्यास करता येत नव्हता. वडील दशरथ तायडे रेल्वेत गँगमन. पोरगा बी.एस्सी. होणार, फिजिक्स घेणार, एवढंच त्यांना ठाऊक, आणि फिजिक्स हा शब्द ते स्टेशनवरच्या माणसांना इतक्या अभिमानानं सांगायचे की त्याला परत जायची सोयच उरली नव्हती. मग कुणीतरी सांगितलं, नागनाथ पाराजवळ बापूरावांची अभ्यासिका आहे, खाली छापखाना, वर टेबलं. तो गेला. बापूरावांनी आडनाव विचारलं नाही. वहीत लिहून घेतलं तेव्हाही त्यांची भुवई हलली नाही. त्यांना माणसाच्या जातीपेक्षा त्याच्या चपलांचा आवाज जास्त खुपायचा. भिंतीवर पाटी होती: 'येथे बोलू नये. बोलण्यासारखे काही असल्यास ते परीक्षेत लिहावे.' पूर्ण दिवसाची जागा त्याला परवडणारी नव्हती हे त्याच्या गप्प बसण्यावरून त्यांनी ओळखलं. "आपल्यासारख्याच एक बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना दुपार हवी आहे, आपण सकाळ घ्या. एक वाजायच्या आत उठायचं. त्या आल्यावर आपण दिसलात तर दोघांचीही नावं काढीन. इथे मला अभ्यास हवा आहे, ओळखी नकोत."

खिडकीजवळचं ते टेबल एका पायानं आखूड होतं. कोपर टेकलं की डुगडुगायचं आणि शाईची दौत ठेवली असेल तर ती कलंडायची. धम्मदीपच्या वह्या त्या काळी बघण्यासारख्या होत्या. निळ्या शाईत मजकूर, हिरव्यात सूत्रं, लालमध्ये रेघा. पुस्तक उघडायचं आणि पानामागून पान वहीत उतरवायचं. हात दुखून यायचा आणि हात दुखला की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. गावाकडे त्याच्या अक्षराचं कौतुक व्हायचं, मास्तर वही साऱ्या वर्गात फिरवायचे. इथे पहिल्या सहामाहीत पेपर हातात आले तेव्हा तो मुताऱ्यांमागे जाऊन रडला. सारं लिहिलेलं होतं, पण आठवलं काहीच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे वाक्य सरांनी वर्गात म्हटलं तेव्हा सगळे हसले होते आणि त्याला वाटलं होतं की ते त्याच्याकडेच बघत होते. त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी, वही टेबलावर विसरून तो निघून गेला. सकाळी आला तर वहीत एक चिठ्ठी. बारीक, ताठ, अजिबात सुंदर नसलेलं अक्षर. 'अक्षर छान आहे. पण हे सगळं पुस्तकात आहेच. यात तुमचं काय आहे?'

त्याला राग आला. इतका की सकाळभर त्याचं वाचण्यात लक्ष लागेना. जिची ओळख नाही, तोंड पाहिलेलं नाही, तिनं दुसऱ्याची वही उघडावी आणि वर असं विचारावं! चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यानं लिहिलं, 'मग काय करायचं?' लिहिताना पेन कागदात घुसलं. आता ती ठेवायची कुठे? बापूरावांनी पाहिलं तर ही अभ्यासिका आहे, पोस्ट ऑफिस नव्हे, असं म्हणाले असते. त्यानं कागदाची चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी तिथेच नवी घडी होती. 'वही बंद करा. पुस्तक बंद करा. आणि मला सांगा, पाण्याचा थेंब गोल का असतो?'

पृष्ठताण हा धडा त्यानं तीन रंगांत लिहिलेला होता. व्याख्या, सूत्र, आकृती, सगळं. वही बंद केली आणि डोळ्यांपुढे हिरवी शाई दिसायला लागली, शब्द मात्र एकही येईना. थेंब गोल का? असतोच की गोल, असं मनाशी म्हणाला. आई तव्यावर पाणी शिंपडून तवा तापला का बघायची, त्या पाण्याच्या गोळ्या तव्यावर पळायच्या. ते त्याला आठवलं. पण का, ते येईना. पुस्तक उघडायला हात गेला आणि त्यानं तो मागे घेतला. तिनं बंद करा म्हटलं होतं. ती बघत नव्हती, कळणारही नव्हतं, पण त्याला ते जमलं नाही. मग बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की पृष्ठभागावरच्या कणांना आतले कण ओढत असतात आणि बाहेरून ओढायला कोणी नसतं, म्हणून सगळे आत सरकतात आणि थेंब अंग चोरून बसतो. लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तो खिडकीतून खाली बघत राहिला. छापखान्याच्या शाईचा वास वर येत होता. पुढे आयुष्यात त्यानं पगारवाढीची पत्रं घेतली, फ्लॅटची किल्ली घेतली, पण त्या सकाळसारखं काही पुन्हा हाती लागलं नाही. उत्तर आलं ते एका ओळीचं. 'अंग चोरून हे बरोबर. हे तुमचं.'

मग ते रोजचंच झालं. रोज एक प्रश्न, एक उत्तर, आणि टेबलाचा पाय. तिची पद्धत त्याला हळूहळू चिठ्ठ्यांमधूनच कळत गेली. ती पुसदची. घरी तिला आणि भावाला मिळून एकच पुस्तक, आणि भाऊ कॉलेजात जाताना ते घेऊन जायचा. मग जे सकाळी वाचलं ते दिवसभर आठवूनच लिहावं लागायचं. भाऊ संध्याकाळी आला की ती ताडून बघायची आणि जेवढं राहिलं तेवढंच पुन्हा वाचायची. गरजेपोटी लागलेली सवय, पण तिनं तिचं शास्त्र केलं होतं. वहीचं डावं पान कोरं ठेवायचं, तिथे फक्त स्वतःला पडलेले प्रश्न लिहायचे. उजव्या पानावर आपल्या भाषेत, तेही कमीत कमी. तासाभरानं वही मिटून रद्दी कागदावर सगळं उतरवायचं आणि तो कागद फाडून टाकायचा. 'फाडायचा का?' त्यानं चिठ्ठीत विचारलं होतं. 'जपून ठेवला की डोक्यात ठेवावंसं वाटत नाही,' असं उत्तर आलं होतं. आणि जे येत नाही त्याच्यापुढे गोल काढायचा. कोरं सोडायचं नाही, खोटं लिहायचं नाही, नुसता गोल. गोल म्हणजे आज येत नाही, उद्या पुन्हा बघू. उद्याही आलं नाही तर आठवड्यानं. 'डोकं दळणासारखं असतं,' तिनं लिहिलं होतं, 'थोडं निवू द्यावं लागतं.' धम्मदीपनं हे सगळं निष्ठेनं केलं. नापास होता होता वाचलेला माणूस जसा देवाला धरतो तसं त्यानं ते धरलं. मार्क वाढले. सरांनी एकदा त्याचं नाव वर्गात घेतलं. पण खरं सांगायचं तर मार्क हा त्यातला लहान भाग होता. सकाळी तो जिना घाईनं चढायचा, कारण वर कुणीतरी त्याच्यासाठी एक प्रश्न ठेवलेला असायचा. पुण्यात त्याला कितीतरी लोकांनी प्रश्न विचारले होते, कुठले, कोणाचे, आडनाव काय. तुला काय कळलं, हे विचारणारी ती एकटी होती.

प्रत्यक्ष ती त्याला दिसली असेल मोजून चार-दोनदा. जिना अरुंद, एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं जायचं. त्याला निघायला उशीर झाला की तो खालच्या वळणावर भिंतीला लागून उभा राहायचा आणि ती वर जायची. किडकिडीत, वेणी पाठीवर, खांद्याला शबनम पिशवी. एकदाच ती थांबली होती. "तुम्हीच ना?" "हो." "काल लोलकाचं उत्तर चुकलंय." "कुठं?" ती हसली. "सांगितलं तर मग काय उरलं?" वरून बापूराव खाकरले आणि ती पायऱ्या चढून गेली. तेवढ्या संभाषणावर त्यानं किती दिवस काढले हे आता आठवून तो खुर्चीत स्वतःशीच हसला. शेजारच्या खुर्चीवरच्या दिग्विजयनं हेडफोन काढून विचारलं, "सर, ऑल ओके? प्रोग्राम अडकलाय का?" "नाही रे," धम्मदीप म्हणाला. दिग्विजय त्याच्या हाताखाली होता, हुशार पोरगा. हाही कधी काही विचारत नाही, धम्मदीपच्या मनात आलं. सांगतो, कळवतो, फॉरवर्ड करतो. आपणही तेच करतो. मीटिंगमध्ये आपण अजून वहीचं डावं पान कोरं ठेवतो आणि ते कोरंच राहतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. त्या सकाळी त्यानं घडी उघडली तर तिच्यात प्रश्न होता, पण अभ्यासातला नव्हता. तोवर त्यांनी ती मर्यादा कधी ओलांडली नव्हती. 'मला एम.एस्सी. करायचं आहे. घरचे एकटीला ठेवायला तयार नाहीत. कोणी सोबत शिकणारं असेल तर भांडता येईल. तुम्ही नाव घालाल का? खुर्ची तशीच, अर्धी-अर्धी.' त्यानं ते वाचलं आणि खिडकी बंद केली. उजेडात वाचवेना. त्याला हो म्हणायचं होतं. हे तेव्हाही त्याला स्पष्ट माहीत होतं आणि आजही होतं. पण खिशात वडिलांचं पत्र होतं. पाटलाचा पोरगा कॉम्प्युटर शिकून पुण्यातच नोकरीला लागला, तू पण तेच कर, आता बहिणीचं बघायचं आहे. लक्ष्मी रोडवर, टिळक रोडवर, जिथे बघावं तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि फिजिक्सची पाटी कुठेच लागत नव्हती. आणि सोबत म्हणजे तिला काय म्हणायचं असेल? तायडे आणि बोंडे ही आडनावं एका खुर्चीवर बसली होती ती वेळा वेगळ्या होत्या म्हणून. पुसदला भांडताना ती काय सांगणार होती, सोबत कोण म्हणून? त्याचं डोकं भणभणलं. आणि मग त्यानं तेच केलं जे दोन-अडीच वर्षं रोज करत आला होता. येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीवर गोल काढला. घडी केली, पायाखाली सारली आणि एक वाजायच्या आत उठून गेला. तिनंच शिकवलं होतं, कोरं सोडायचं नाही, खोटं लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत गेला नाही, कॉटवरच तो प्रश्न पुन्हा मनाशी बघितला, तेव्हाही येईना. मग आठवडा. डोकं निवू द्यायला तो मूर्तिजापूरला जाऊन आला. बापाशी प्लॅटफॉर्मवर बसून बोलला. म्हातारा रुळांकडे बघत म्हणाला, "तुला ते फिजिक्स खरंच समजते का रे?" "समजते बाबा." "मंग शीक. बहिणीचं पाहू आपण." इतकं सोपं होतं ते. गाडीत बसल्यापासून त्यानं 'हो' लिहिलेला कागद मुठीत धरला होता.

सकाळी जिना चढून तो टेबलाशी आला, कोपर टेकलं, आणि टेबल डुगडुगलं. तिनं गोल उचलून नेला होता आणि बदल्यात काही ठेवलं नव्हतं. त्यानं 'हो' पायाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच होता, त्याच घडीत, वरती त्याच पायाचा वळ घेऊन. तिसऱ्या दिवशी बापूराव चष्मा पुसत जवळ आले. आवाज न करता चालायची त्यांना सवय होती. "दुपारच्या बाई गावी गेल्या. वडील घ्यायला आले होते. परीक्षेपुरत्या येतील, तेही मामांकडे राहून." बापूराव थोडे घुटमळले, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. "दोनदा विचारून गेल्या, सकाळचे आले होते का म्हणून. मी सांगितलं, मी हजेरी घेत नाही." मग नजर पाटीकडे वळवून म्हणाले, "मी दोघांना एकमेकांसमोर येऊ दिलं नाही. फार शिस्तीचा माणूस आहे ना मी." आणि तसेच मागे फिरले. त्यांच्याकडे तिचा पत्ता असणार होता, वहीत लिहिलेला. धम्मदीपनं तो मागितला नाही. लाज वाटली, की आता उपयोग नाही असं वाटलं, ते त्याला कधी ठरवता आलं नाही. निकालानंतर तो एकदा विद्यापीठात गेला, फिजिक्सच्या यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत आला. बोंडे नव्हती. ती नाही म्हटल्यावर त्यानंही नाव घातलं नाही. कॉम्प्युटर केला. मग दोन हजार साल आलं तेव्हा जगभरच्या कॉम्प्युटरांमधल्या तारखा दुरुस्त करायला त्याच्यासारखे हजारो लागले आणि त्याचं बस्तान बसलं. कोथरूडला फ्लॅट झाला. कल्याणी चांगली मिळाली, खरोखर चांगली. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्यानं तिला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं होतं. ती हसली होती आणि मग म्हणाली होती, "बिचारी. गोल घेऊन घरी गेली." तेव्हापासून ते गमतीसारखं सांगणं त्यानं बंद केलं.

दुपारनंतर कामात काही राम राहिला नाही. चार वाजता कल्याणीचा फोन आला. "निघाले का?" "कुठं?" "कुठं काय? शाळेत. मी ताईकडे पोचले." मग ती नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "सत्यशीला नाव मी विसरले नाही जी. म्हणूनच फ्रिजवर लावलं. तिकडं जाऊन एकदाचं पाहून या. अन् येताना दूध आणा." फोन ठेवल्यावर त्यानं खुर्चीच्या पाठीला उगाच हात लावला. आता ती त्याच्या अंगानं गरम झाली होती. रात्रीचा माणूस येईल, बसेल, क्षणभर दचकेल. धम्मदीपला त्या अनोळखी माणसाविषयी एकदम माया वाटली. त्यानं बाटलीत ताजं पाणी भरून टेबलावर ठेवलं आणि स्कूटर काढली.

सभागृह पालकांनी भरत आलं होतं. बहुतेक आयाच होत्या, मांडीवर वह्या उघडून, तीन-तीन पेनं घेऊन. तो मागच्या रांगेत कडेला बसला. मंचावर टेबल, टेबलावर पाण्याचा पेला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावर हात टेकून बोलायला सुरुवात केली तसा पेला हिंदकळला. आजच्या आपल्या पाहुण्या, त्या म्हणाल्या, यांचं विशेष कौतुक असं की पदवीनंतर लगेच लग्न झालं, शिक्षण सुटलं, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर यांनी पुन्हा नाव घालून एम.एस्सी. केलं, एकटीनं. टाळ्या झाल्या. धम्मदीपचे हात टाळी वाजवायला वर आले आणि तसेच राहिले. ती उभी राहिली. कपाळावरचे केस पिकलेले, चष्मा, अंगानं भरलेली. ती तीच का, हे त्याला सांगता येईना. जिन्यावरचा चार-दोनदा पाहिलेला चेहरा तो किती वर्षं मनात घासत बसला होता, त्यात तिचा किती आणि त्याचा किती हे आता कसं कळणार? काही न बोलता ती फळ्याकडे वळली आणि खडूनं लिहिलं, 'पाण्याचा थेंब गोल का असतो?' बारीक, ताठ, अजिबात सुंदर नसलेलं अक्षर. धम्मदीपनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सगळ्यांनी वह्या मिटा," ती म्हणाली. "मुलांना सांगतो ना आपण, लिहून घे, लिहून घे? आज तुम्ही काही लिहून घ्यायचं नाही. घरी जाऊन जेवढं आठवेल तेवढंच माझं व्याख्यान झालं असं समजा." आया नाखुशीनं वह्या मिटायला लागल्या. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. एकेक वाक्य त्याच्या ओळखीचं होतं, डावं पान, रद्दी कागद, फाडून टाकणं. पण आवाजात ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. चिठ्ठ्यांना आवाज नसतो. हा आवाज थोडा जाडसर होता, शब्दांच्या शेवटी हसणारा. "आणि आलं नाही तर गोल काढायला शिकवा. गोल म्हणजे येत नाही असं नाही. गोल म्हणजे येईल. ज्यानं गोल काढला तो मुलगा खोटं बोलत नाही एवढं नक्की समजा." ती थांबली. टेबलावर हात ठेवला, पेला हिंदकळला, हात काढून घेतला. "मी हे इतकी वर्षं सांगते. पूर्वी मी एवढंच सांगायचे. आता एक आणखी सांगते. गोल काढला की तो कुणाच्या तरी हातात पडतो. त्या माणसाला सांगावं, की मी उद्या येतोय, थांब. नुसता गोल वाचून थांबायची ताकद सगळ्यांत नसते. माझ्यातही नव्हती." एक-दोन आया हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. धम्मदीपच्या डोळ्यांपुढे फळा पातळ झाला.

"आता प्रश्न. चिठ्ठीवर लिहून द्या. उभं राहून विचारायला सांगितलं की पालक विचारत नाहीत, भाषण करतात." कागद फिरले. धम्मदीपनं कागद मांडीवर धरला. आधी त्यानं लिहिलं, 'मी आठवड्यानं आलो होतो,' आणि खोडलं. मग बापाचं लिहायला घेतलं, रुळांचं, प्लॅटफॉर्मचं, तेही खोडलं. हे सगळं पुस्तकात आहेच, यात तुमचं काय आहे? त्यानं तो कागद फाडला आणि दुसरा मागून घेतला. त्यावर एक गोल काढला. मांडीवर धरलेल्या कागदावर तो वाटोळा आला नाही. त्या गोलाच्या आत लिहिलं, 'हो'. मागितलं कुणी नव्हतं, उपयोग काही नव्हता, ती काळमेघ होती आणि त्याला जाताना दूध न्यायचं होतं. तरीही त्यानं कागदाची चौपदरी घडी केली आणि पुढे पाठवून दिली. ती घडी हातोहात रांगा ओलांडत मंचाकडे गेली.

तिनं चिठ्ठ्या एकेक उघडल्या. मुलगा पाठ करतो पण विसरतो. मुलगी फार सुंदर लिहिते पण मार्क नाहीत. ती उत्तरं देत होती, लोक हसत होते. मग त्याची घडी तिच्या हातात आली. घडी बघूनच ती जरा थांबली. उघडली. बघत राहिली. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मुख्याध्यापिकाबाई पुढे वाकून म्हणाल्या, "काय आहे मॅडम? अक्षर लागत नाही का?"

"लागतंय," ती म्हणाली. "अक्षर छान आहे." मग चष्मा वर सरकवून समोर बघितलं, पण कुणाकडे असं नाही. "हा प्रश्न नाहीये. उत्तर आहे. एका जुन्या गणिताचं." आणि थोड्या वेळानं, "बरोबर आहे."

तिनं कागद पुन्हा घडीवर घडी घालून मिटला. वाटलं, पर्समध्ये ठेवेल किंवा बाकीच्या चिठ्ठ्यांत टाकेल. ती पदर सावरून खाली वाकली, टेबलाचा एक पाय किंचित उचलला आणि घडी त्याच्याखाली सारली. उभी राहून तिनं तळहातानं टेबल दाबून पाहिलं. पेल्यातलं पाणी हललं नाही.

"हं," ती म्हणाली, "पुढची चिठ्ठी."